‘शॉर्ट-शॉर्ट’ आलंय, आता पुढे काय?

वाचक लिहितात:

‘मी ३४ वर्षांची. हिंजवडीत टेस्टिंग टीमची लीड आहे, राहायला नऱ्ह्यात. मी नववीत असताना वडिलांना डिप्रेशन आलं होतं, दीडेक वर्ष गोळ्या चालू होत्या. क्लायंटच्या कॉलआधी माझ्या छातीत धडधडतं, हात गार पडतात, आणि कॉल संपला तरी रात्री दोनपर्यंत तेच डोक्यात फिरत राहतं. मागच्या महिन्यात लाळेची नळी मागवून जीन टेस्ट केली. रिपोर्टात आलंय: “५-एचटीटीएलपीआर शॉर्ट/शॉर्ट, कॉम्ट मेट/मेट. तणाव सहन करण्याची क्षमता कमी, चिंतातुर प्रकार.” सोबत मिथाइलफोलेट आणि अश्वगंधाच्या गोळ्यांचं दरमहा २,४०० रुपयांचं सबस्क्रिप्शन सुचवलंय, पहिला महिना मी घेतलाही. रिपोर्ट वाचल्यापासून जास्तच घाबरायला होतं. मुलगी तिसरीत आहे, युनिट टेस्टच्या दिवशी तिचं पोट दुखतं. तिचीही टेस्ट करून घेऊ असं नवऱ्याचं म्हणणं. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. हे माझ्या रक्तातच आहे का?’

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी दोन लगेच सुटण्यासारखे आहेत, ते आधी घेऊ. मुलीची टेस्ट करू नका. आणि पॅकमधलं मिथाइलफोलेट (फोलेट या बी गटातल्या जीवनसत्त्वाचा एक प्रकार) तुमचं बी-१२ तपासून होईपर्यंत बंद ठेवा. कारणं पुढे येतीलच.

‘रक्तातच आहे का’ याचं उत्तर ‘थोडं आहे’ असं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं की डिप्रेशनच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला साधारण ३७ टक्के आनुवंशिक फरकांशी जोडता येतो. चिंतेच्या आजारांत हा आकडा ३० ते ४०च्या आसपास येतो. इथे बहुतेकांची गफलत होते. तुमच्या धडधडीतला ३७ टक्के वाटा वडिलांचा, असा हा हिशोब नाही. तो आकडा लोकसमूहाचा आहे, एका माणसाला तो लावता येत नाही. तुमच्या उपयोगाचा आकडा वेगळा: आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला डिप्रेशन झालं असेल तर धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्याकडे साधारण २० प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन झाल्याचं आढळलं, म्हणजे शंभरात ५. तिप्पट धरा, १५ झाले. उरलेल्या ८५ जणांच्याही घरी आई, वडील किंवा भावंडाला डिप्रेशन झालेलंच असतं.

आता तो रिपोर्ट. ५-एचटीटीएलपीआर हा सेरोटोनिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन परत शोषून घेणाऱ्या पंपाच्या जीनचा, म्हणजे १७ व्या गुणसूत्रावरच्या जीनचा, सुरुवातीचा भाग. काहींमध्ये तो आखूड असतो, काहींमध्ये लांब. १९९६ मध्ये या आखूड प्रकाराचा संबंध चिंताळू स्वभावाशी जोडला गेला. २००३ मध्ये न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या ८४७ तरुणांच्या अभ्यासातून असं मांडलं गेलं की आयुष्यात धक्के बसले तर आखूड प्रकारवाल्यांना डिप्रेशन जास्त होतं. कल्पना इतकी सुटसुटीत होती की जगभर पसरली. मग मोठे अभ्यास आले आणि ती टिकली नाही. २०१९ मध्ये डिप्रेशनशी जोडल्या गेलेल्या १८ ‘प्रसिद्ध’ जीन्सची एकत्र तपासणी झाली. सर्वांत मोठ्या गटात चार लाखांहून जास्त लोक होते. हे १८ जीन्स डोळे मिटून निवडलेल्या इतर कुठल्याही जीन्सपेक्षा सरस ठरले नाहीत, आणि त्या यादीत तुमच्या रिपोर्टातले दोन्ही आहेत. शिवाय आखूड प्रकार पूर्व आशियात युरोपपेक्षा बराच जास्त आढळतो, पण म्हणून तिथे डिप्रेशन जास्त आहे असं काही नाही.

आणखी एक तांत्रिक खोच. घरी मागवायच्या टेस्ट बहुतेक चिपवर होतात, आणि चिप एकेक अक्षराचे बदल वाचते. ५-एचटीटीएलपीआर म्हणजे ४०-४५ अक्षरांचा तुकडा आहे की गळलाय, हा फरक. चिपला तो थेट दिसत नाही, शेजारच्या अक्षरांवरून अंदाज बांधावा लागतो. त्यात ‘लांब’चाही एक उपप्रकार आखूडसारखाच वागतो. तेव्हा ‘शॉर्ट/शॉर्ट’ हे शब्द रिपोर्टात जितके ठाम दिसतात तितके ते ठाम असतीलच असं नाही.

कॉम्टचं म्हणाल तर ते डोपामिन हे मेंदूतलं असंच एक रसायन मोडणारं एन्झाइम. मेट प्रकार हे काम व्हॅल प्रकारापेक्षा साधारण तीन-चार पट संथ करतो, त्यामुळे कपाळामागच्या भागात डोपामिन थोडा जास्त वेळ रेंगाळतं. इथपर्यंत जीवरसायन पक्कं आहे. त्यावरून ‘चिंतातुर’ आणि ‘लढवय्ये’ अशा दोन जाती पाडणं हा मार्केटिंगचा भाग. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण चारातला एक जण मेट/मेट असतो, ते सगळे काही नखं कुरतडत बसलेले नसतात.

खरं चित्र बरंच विस्कळीत आहे. २०१९ मध्ये आठ लाखांहून जास्त लोकांच्या माहितीतून डिप्रेशनशी संबंधित डीएनएवरच्या १०२ जागा सापडल्या, २०२५ पर्यंत त्या सातशेच्या घरात गेल्या. प्रत्येक जागेचा वाटा कणभर. त्यातून मुख्य नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे, त्यामुळे त्यावरून काढलेला ‘धोक्याचा स्कोअर’ आपल्याकडे आणखी कच्चा ठरतो. इतक्या जागा म्हटल्यावर एकही घराणं कोरं निघत नाही. पण हे सासूबाईंना पटवायला जाऊ नका. त्या वादात कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाचं हार्मोन, तुमचं वाढेल, त्यांचं नाही.

रिपोर्ट आल्यापासून जास्त घाबरायला होतं, हे तुमचं वाक्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका प्रयोगात लोकांना ‘तुमच्यात व्यायामाला प्रतिकूल जीन आहे’ किंवा ‘नाही’ असं चिठ्ठ्या टाकल्यासारखं सांगितलं गेलं, खरं काहीही असो. ज्यांना ‘प्रतिकूल’ सांगितलं ते ट्रेडमिलवर लवकर थकले आणि त्यांच्या श्वसनाची मोजमापंही घसरली. काही बाबतींत सांगितलेल्या निकालाचा परिणाम खऱ्या जीनपेक्षा मोठा निघाला. तुमच्या वाढलेल्या धडधडीत त्या कागदाचा वाटा किती, याचा विचार करा.

मग मेंदूतले जीन्स तणावात करतात तरी काय? तुम्ही नऱ्ह्यात राहता, त्यामुळे हे समजावणं सोपं आहे. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुम्हाला माहीतच आहे. डिझेल वाचवायला काही ट्रकवाले तिथे गाडी न्यूट्रलवर टाकतात, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि तापले की पकड सोडतात. तणावाची यंत्रणा बरीचशी अशीच बिघडते.

कॉलचं नोटिफिकेशन आलं की अॅड्रेनालिन काही सेकंदांत येतं, धडधड आणि गार हात हे त्याचं काम. दुसरी साखळी संथ असते: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे हार्मोन, त्यावरून पिट्यूटरी ग्रंथीतून एसीटीएच हे दुसरं, त्यावरून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल. प्रसंग सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते शिखराला पोहोचतं आणि मग तासा-दीड तासात उतरायला हवं. गंमत अशी की उतरवण्याचं कामही कॉर्टिसॉलच करतं. ते मेंदूत परत जाऊन हायपोथॅलॅमस, पिट्यूटरी आणि हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) यांतल्या ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला चिकटतं आणि ‘आता पुरे’ असा निरोप देतं. हा झाला ब्रेक. त्याचा जीन पाचव्या गुणसूत्रावर आहे.

ब्रेक तापवणारा जीन वेगळा, त्याचं नाव एफकेबीपी५. त्याचं प्रथिन रिसेप्टरला बिलगून बसतं आणि कॉर्टिसॉलवरची त्याची पकड ढिली करतं. आणि हा जीन चालू कोण करतं, तर खुद्द कॉर्टिसॉल. म्हणजे ब्रेक जितका जास्त दाबाल तितका तो ढिला होत जातो. थोड्या वेळापुरतं हे ठीक आहे, पण रोज रात्री दोनपर्यंत दाबून ठेवला तर उतरणीला वेळ लागत जातो. या जीनच्या एका प्रकारात ही चालू होण्याची क्रिया जरा जोरात होते. २००८ मध्ये अमेरिकेत अटलांटा इथल्या रुग्णालयात आलेल्या सुमारे ९०० लोकांच्या अभ्यासात दिसलं की या जीनचा प्रकार एकट्याने काहीच सांगत नव्हता. लहानपणी गंभीर छळ सोसलेल्यांमध्येच त्याचा आघातानंतरच्या मानसिक त्रासाशी संबंध दिसला. २०१३ मध्ये त्याच गटाने दाखवलं की अशा लोकांत त्या जीनवरच्या मिथाइल खुणा (जीन आवरून धरणाऱ्या रासायनिक खुणा) पुसल्या गेल्या होत्या, म्हणजे बटण सैल झालं होतं. हेही गटाचं निरीक्षण आहे, एका माणसाचं भविष्य त्यावरून निघत नाही. म्हणून ‘एफकेबीपी५ची टेस्ट कुठे होते’ असं विचारू नका.

आणि लाळेत तर हे काहीच दिसत नाही. डीएनएचा मजकूर लाळेत आणि मेंदूत सारखाच, पण त्यातला कुठला जीन मेंदूच्या कुठल्या भागात आत्ता किती चालू आहे, हे लाळेवरून कळत नाही.

यातून तुमच्या हातात येतं ते एवढंच: धडधड किती होते याचा पाठलाग सोडा, ती किती वेळात उतरते ते मोजा. दोन आठवडे एका वहीत रोज तीन नोंदी: प्रसंग किती वाजता, दहापैकी किती त्रास झाला, आणि तो तीनवर किती वाजता आला. घड्याळातल्या ‘स्ट्रेस स्कोअर’वर विसंबू नका. जिना चढून आलात तरी तो वाढतो, आणि वाढलेला पाहून आणखी वाढतो.

कॉलच्या आधी श्वास. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास, ५ मिनिटं. इथे हमखास चुकतं ते असं: लोक ‘दीर्घ श्वास’ म्हणून छाती फुगवून भराभर हवा ओढतात. कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि ‘मला काहीतरी होतंय’ म्हणून धडधड दुप्पट. श्वास संथ हवा, मोठा नको. गरगरलं तर वेग तोच ठेवून हवा कमी घ्या. दुसरी चूक म्हणजे पहिला प्रयोग थेट कॉलच्या दिवशी करणं. आधी दोन आठवडे काही ताण नसताना, सकाळी चहाच्या आधी सराव करा, तरच ऐनवेळी तो उपयोगी पडतो.

कॉलनंतरची पहिली २०-३० मिनिटं कॉर्टिसॉलच्या शिखराची. त्या वेळात लगेच दुसरा कॉल लावू नका, मीटिंगच्या नोंदी पाठवत बसू नका. १० मिनिटं तरी चाला, कॅम्पसमध्ये चक्कर मारली तरी चालेल. घरी आल्यावर रात्री जे फिरत राहतं ते खरं न्यूट्रल गिअर. हायपोथॅलॅमसला प्रसंग आणि प्रसंगाची आठवण यातला फरक नीट कळत नाही. प्रत्येक उजळणीला तो नवं सीआरएच सोडू शकतो. उजळणी थांबवण्याचा प्रयत्न करू नका, ती थांबत नाही. तिला वेळ ठरवून द्या: संध्याकाळी सातच्या सुमारास १० मिनिटं, कागदावर, तीन ओळी. काय झालं, माझ्या हातात काय होतं, उद्या त्यातलं एक काय करणार. रात्री दोनला तेच आलं तर ‘हे लिहून झालंय’ म्हणायचं. पहिला आठवडा हास्यास्पद वाटेल. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे मिटू लागले की परत जा. अंथरुणात तळमळत पडून राहिलं की मेंदू अंथरुणाचीच गाठ जागरणाशी मारतो.

कॉफीचं अर्ध-आयुष्य साधारण पाच तासांचं. चारला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन नऊला अंगात असतं, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याला जवळपास दुप्पट वेळ लागतो. दुपारी दोननंतर बंद. ऑफिसच्या मशीनचा चहाही त्यातच आला. व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. तळजाई तुम्हाला फार लांब नाही.

आता पॅक. पुण्यातल्या के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह संशोधन गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचं बी-१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त. शाकाहारी असाल तर तुम्ही त्यात असण्याची शक्यता चांगलीच. बी-१२ कमी असताना नुसतं फोलेट भरत गेलं तर रक्ताचा रिपोर्ट बरा दिसू लागतो आणि मज्जातंतूंचं नुकसान आतून चालू राहतं. थकवा, चिडचिड, मुंग्या ही बी-१२च्या कमतरतेची लक्षणंही असतात, ती ‘जीनमुळे’ म्हणून खपून जातात. अश्वगंधाने ताण थोडा कमी झाल्याचे छोटे अभ्यास आहेत. पण यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि थायरॉइडचे आकडे ती वर ढकलू शकते. त्यामुळे तीही रक्त तपासून होईपर्यंत नको. तपासायचं ते एवढंच: बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिनसह सीबीसी, उपाशीपोटीची साखर. ‘स्ट्रेस पॅनल’मधलं कॉर्टिसॉल नको. ते सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यांचंच चढतं आणि रात्री उतरतं, एका नमुन्यावरून रोजच्या ताणाचं काही कळत नाही. ती टेस्ट कुशिंग (कॉर्टिसॉल फार जास्त) किंवा अॅडिसन (फार कमी) यांसारख्या आजारांच्या शंकेसाठी असते.

तुमच्या घरात एक चांगली जीन टेस्ट आधीच पडून असेल: वडिलांची जुनी फाईल. त्यांचं निदान नेमकं काय होतं, कुठली गोळी लागू पडली, कुठल्या गोळीने त्रास झाला, कधी उलट टोकाचा उत्साह, कमी झोपेतही दांडगी शक्ती, उधळपट्टी असा काळ होता का, हे आईला विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. तसं असेल तर ते बायपोलर असू शकतं आणि तुम्हाला द्यायचं औषध त्यानुसार बदलतं. ही माहिती घेऊन गेलात तर मनोविकारतज्ज्ञांचा निम्मा वेळ वाचेल.

जायचं कधी? पीएचक्यू-९ (डिप्रेशनसाठी) आणि जीएडी-७ (चिंतेसाठी) या दोन छोट्या प्रश्नावल्या फुकट मिळतात, पहिली मराठीतही आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रामाणिकपणे भरा. कुठल्याही एकीत १० किंवा जास्त गुण आले, किंवा चार-सहा आठवडे वरचं सगळं करूनही वहीतली उतरण कमी झाली नाही, तर वेळ घ्या. ससूनला मनोविकार विभागाची ओपीडी आहे, खाजगीतही पर्याय भरपूर. पीएचक्यू-९च्या नवव्या प्रश्नाला, जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांना, ‘हो’ असेल तर गुणांची बेरीजही करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्राम वगैरे डिप्रेशन-चिंतेवरचं औषध सुचवलं तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम थांबवायचं नसतं. सीवायपी२सी१९ ही यकृतातल्या एन्झाइमची टेस्ट डोस ठरवायला कधी कधी उपयोगी पडते, पण ती सांगायची डॉक्टरांनी. कॉलआधी मैत्रिणीने दिलेली प्रोप्रानोलॉल (धडधड कमी करणारी गोळी) मात्र घेऊ नका. दम्याचा त्रास असेल तर ती धोक्याची ठरते.

मुलीबद्दल. मोठेपणी होणाऱ्या आजारांसाठी, ज्यात लहानपणी करण्यासारखं काही नाही, मुलांची जीन टेस्ट करू नये असं अमेरिकेतल्या बालरोग आणि आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ मध्येच स्पष्ट केलं आहे. तिच्या हातात कागद येईल, वय आठ, आणि ‘मी चिंतातुर प्रकारची’ हे वाक्य पुढची पन्नास वर्षं सोबतीला. तिच्या पोटदुखीवर त्याचा उपयोग शून्य. २००४ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात उंदरांवर झालेलं काम इथे आठवतं. पिल्लांना जास्त चाटणाऱ्या उंदरिणींची पिल्लं मोठेपणी तणावातून लवकर सावरत, कारण त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये त्या ब्रेकच्या रिसेप्टरचा जीन जास्त खुला होता. कमी चाटणाऱ्या उंदरिणीची पिल्लं जन्मतःच जास्त चाटणाऱ्या उंदरिणीकडे दिली तर तीही तशीच झाली. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि ‘आईमुळे झालं’ असा अर्थ काढून स्वतःला दोष देत बसू नका. पण एरवी पोट दुखत नसेल, आणि फक्त परीक्षेच्या सकाळी दुखत असेल, तर करायचं ते साधं आहे. आदल्या रात्री साडेआठ-नऊला झोप (या वयाला ९ ते १२ तास लागतात), सकाळी उठल्यावर अभ्यासाची उजळणी नाही, काहीतरी हलकं खाणं, आणि ‘पोट दुखतंय, म्हणजे शरीर तयारीला लागलंय, शाळेत गेल्यावर कमी होतं का बघ’ एवढंच बोलणं. शाळा बुडवू देऊ नका. एकदा बुडवली की पुढच्या वेळी पोट जास्त दुखतं. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा शौचात रक्त असेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञ.

राहता राहिली ती कंपनी. सबस्क्रिप्शन आपोआप कापलं जातं, तेव्हा यूपीआय अॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ या जागी जाऊन ते तिथूनच रद्द करा. कंपनीच्या अॅपमधलं ‘पॉज’ पुरेसं नसतं. मग त्यांना ईमेल करून तुमचा लाळेचा नमुना नष्ट करावा आणि जनुकीय माहिती काढून टाकावी असं लेखी मागा, आणि तसं केल्याचं उत्तरही लेखीच घ्या. नवऱ्याने मुलीसाठी दुसरी नळी आधीच मागवली असेल तर सील न तोडता परत पाठवा. पैसे मिळतात का, ते पावतीवरच्या अटींत बघा.